तिसऱ्या हाकेला ओ

दमयंतीची हाक ऐकलीय का कधी? नसेल ऐकलीत तर बरंच आहे म्हणायचं, कारण ती ऐकायची वेळ येते ती घरातलं माणूस हरवल्यावर. बाई दिसायला एवढीशी. साडी गुडघ्याशी खोचलेली, पायात रबरी बूट, कमरेला कोयती. पण सड्याच्या, डोंगरावरच्या त्या उघड्या कातळमाळाच्या, कडेला उभं राहून तिने पोटातून आवाज काढला की पलीकडच्या डोंगरावर चरणारी गुरं मान वर करतात. चिपळूणच्या शोधपथकातली पोरं शिट्ट्या घेऊन फिरतात, दोर घेऊन फिरतात, एकाने तर हल्ली ते उडणारं ड्रोन आणलंय. आणलंय तर आणलंय बापड्याने. पण माणूस हरवल्याचा फोन आला की पहिला प्रश्न एकच असतो, दमयंतीकाकी येतायत ना?

तिचा एक नियम आहे आणि तो मोडला की ती समोरच्याला झाडते, मग तो कोणी का असेना. हाक तीनदा मारायची आणि दर हाकेनंतर थांबायचं. आपल्याकडे सड्यावर, राईत, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या काठाला हाक आली तर पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही. दुसरीलाही नाही. भुताखेताला तिसरी हाक मारता येत नाही, असं लहानपणीच कानात भरवलेलं असतं. मग रस्ता चुकलेलं म्हातारं माणूस करवंदीच्या जाळीत बसून हाक ऐकतं आणि तोंड दाबून गप्प राहतं, आणि शोधणारे एकेक हाक मारत पुढे निघून जातात. पथकाचा प्रमुख ऋत्विक, औषधांचं दुकान चालवणारा, मूळचा दापोलीकडचा, मुरुडचा. त्याच्या आजीनेही त्याला हेच शिकवलं होतं, त्यामुळे त्याला समजावत बसावं लागलं नाही.

शोधायला निघण्याआधी दमयंती हरवलेल्या माणसाच्या घरी जाते. थेट चुलीपाशी. घरातल्या बाया डोक्याला हात लावून बसलेल्या असतात, चार पाहुणे 'आता काय उपयोग' असे चेहरे करून ओटीवर बसलेले असतात. त्या पाहुण्यांना ती आधी हाकलते. "सुतकाला आलात काय? उठा, पायात चपला घाला आनि चला हुडकायला." मग तांदूळ धुवायला घेते. आला की भूक लागलेली असेल त्याला, म्हणते. आणि मग घरातल्या बाईला हळूच विचारते, "लाडानं काय म्हनून हाक मारता गो त्याला?" त्या एका प्रश्नावर भलीभली बाई फुटते. दमयंती तिला रडू देते आणि भाताला आधण येईपर्यंत पाठीवर हात फिरवत बसते.

लोक म्हणतात, केवढी माया या बाईला! माया आहे, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर ती या कामात मायेने आली नव्हती. ती वाट बघायला आली होती. आज ना उद्या भागोजी गावकाराच्या घरातलं कोणीतरी हरवेल, त्याचं घर असंच चुलीपाशी बसेल, आणि त्या दिवशी शोधाची दोरी आपल्या हातात असेल, एवढ्यासाठी ती आली होती. सूड हवा होता तिला. तिने तो कोणापासून लपवलाही नव्हता. भागोजीच्या दारात उभं राहून, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं ती सांगून आली होती.

त्याचं असं झालं. कोंडतळी हे तिचं गाव, चिपळूणपासून आत, वर मोठा सडा आणि खाली भाताचे मळे. गावात भागोजीचा शब्द. देवळाचा मान त्याचा, पालखी कोणाच्या दारात कधी जायची ते तो ठरवणार. एका वर्षी गावकीत ठरलं, देवाची राई तोडून विकायची आणि त्यातून देवळाला चकचकीत फरशी बसवायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. दमयंतीचा नवरा हरिश्चंद्र तेवढा उठला. गरीब स्वभावाचा माणूस, आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, पण त्या दिवशी बोलला. "देवाचं घर मोडून देवाला फरशी कशाला? पाय घसरेल त्याचा." सभेत हशा पिकला. त्या हशानेच घात केला. झाडं वाचली, पण गावकारावर लोक हसले हे भागोजीला गिळवेना, आणि पुढच्याच बैठकीत हरिश्चंद्राचं घर वाळीत पडलं.

वाळीत म्हणजे काय ते ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं. त्या घराशी बोलायचं नाही, त्या घरचं पाणी प्यायचं नाही, त्यांना हाक मारायची नाही, त्यांनी मारली तर ओ द्यायची नाही. जो देईल तोही वाळीत. शिमग्याला पालखी दारावरून तोंड फिरवून गेली. तक्रारीवरून पोलीस आले तेव्हा हीच मंडळी हात जोडून म्हणाली, "वाळीत? छे वो सायब, असलं काय नाय आमच्या गावात." वा रे वा! आणि पोलिसांची जीप वळणावर दिसेनाशी व्हायच्या आत परत तोंडं फिरली.

अशातच भाद्रपद सरताना हरिश्चंद्र गाय हुडकायला सड्यावर गेला तो परत आला नाही. सड्यावर गवत कंबरेएवढं, आणि त्या गवतात भागोजीची जुनी चिरेखाण, उघडीच्या उघडी. चिरा काढून झाला, खड्डा तसाच टाकून दिलेला, ना कुंपण ना काही. हरिश्चंद्र त्यात कोसळला. कंबर मोडली. पण हे कळलं नंतर. त्या संध्याकाळी दमयंती एकटीच सडाभर धावत होती आणि ओरडत होती, "अवो! अवो, ऐकलंत काय!" नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे आईने शिकवलेलं. अख्ख्या संसारात ते तिच्या तोंडातून निघालं नव्हतं, तेव्हाही निघालं नाही. वारा असा सुटला होता की तिचं 'अवो' तिलाच ऐकू येत नव्हतं.

मग ती दारोदार गेली. प्रत्येक दार तिच्या तोंडावर लागलं. भागोजीच्या तर ती पाया पडली. "दादा, चार गडी द्या. पायजे तर उद्यापासून परत बोलू नका." भागोजी सुपारी कातरत राहिला. मान वर करून बघितलंसुद्धा नाही त्याने. शेवटी ती चालत मोठ्या रस्त्यापर्यंत गेली, तिथून चिपळूणला भावाला फोन लावला, आणि भावाने हे पथक गाठलं. पथक आलं, खाणीत उतरलं. हरिश्चंद्र सापडला तेव्हा त्याचा जीव गेला होता, पण अंग अजून कोमट होतं. दमयंतीने स्वतः हात लावून बघितलं. गावाने आदल्या दिवशी पाऊल उचललं असतं तर तो माणूस आज ओटीवर बसून विडी ओढत असता.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ गिळलं असतं तिने. पण बाराव्याच्या दिवशी शेजारची तुळसा घरामागच्या परड्यातून लपतछपत आली आणि रडत रडत बोलली. त्या संध्याकाळी ती सड्यावर गवत कापत होती. खाणीकडून हाक आली. "कोन हाय काय?" परत आली, "कोन हाय काय?" ती तिसरीसाठी थांबली नाही, भारा टाकून पळाली आणि भागोजीला जाऊन सांगितलं. "तो काय म्हनाला?" दमयंतीने विचारलं. तुळसाने पदर तोंडात धरला. "म्हनाला, दोनच हाका ना? मंग ती मानसाची नव्हं. ऐकलंस ते विसर. कुनाला बोललीस तर तुजंबी घर वाळीत." पोलिसांपुढे बोलशील का म्हटल्यावर तुळसा उठून गेली ती आजतागायत डोळ्याला डोळा देत नाही.

म्हणजे भागोजीला ठाऊक होतं! सुपारी कातरत होता मेला तेव्हा त्याला ठाऊक होतं, की सड्यावर माणूस जिवंत आहे आणि हाका मारतोय. त्याच पावली दमयंती त्याच्या दारात गेली. तोवर ती त्याला दादा म्हणत असे. त्या दिवशी अहो-जाहो गळून पडलं. "भागोजी, तुज्या घरचं मानूस हरवंल. आनि त्याला हुडकायला मीच येईन. ध्यानात ठेव." एवढं बोलून ती वळली, आणि महिन्याभरात चिपळूणला जाऊन पथकात नाव घालून आली.

वर्षं गेली. तिने कितीतरी माणसं शोधली. अंजनवेलच्या किल्ल्याखाली अडकलेली एक बाई, पुरानंतर भ्रमिष्टासारखा भटकत राहिलेला एक दुकानदार, मावशीकडे जायला निघून जंगलात शिरलेली दोन लहान मुलं. काही जिवंत मिळाली, काही नाही. प्रत्येक वेळी फोन वाजला की तिच्या मनात पहिला विचार यायचा, कोंडतळी? आणि नाही म्हटल्यावर थोडी निराशा व्हायची. होय, निराशा. दुसऱ्याच्या घरात आकांत चाललेला आणि ही निराश! पण तसंच होतं ते.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर, भात कापून झालेलं असताना, एका सकाळी तिच्या बेड्याच्या, अंगणाच्या फाटकाच्या, आत मनस्वी येऊन उभी राहिली. भागोजीची सून. नालासोपाऱ्याची पोरगी, नवरा तिकडेच नोकरीला, ती पोराला घेऊन सासऱ्याचं करायला गावात. वाळीत घराच्या अंगणात पाऊल टाकलं तिने, आणि तेही दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत.

"काकी, मामंजी कालपासून घरी नाहीत."

दमयंतीने हातातला झाडू टाकला नाही. "गावकी हाय की तुमची. सांगा तिला."

"सांगितलं. सगळे देवळाच्या बाजूला शोधून आले. दुपारी नारळ घेऊन निघाले होते, देवळात जातो म्हणाले. गुरव म्हणतो, आलेच नाहीत." पोरीने एकदा मागे वळून वाडीकडे बघितलं. "काल तिन्हीसांजेला मी परड्यात होते. सड्याकडून हाक आली. दोनदा. मी ओ देणार होते, पण तुळसाकाकी होती, तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. तिसरी येईल म्हणून मी थांबले. ती आलीच नाही."

दमयंती हसली. हसू आवरलंच नाही तिला. त्या पोरीला काय कळणार ते हसणं! इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते दारात चालत आलं होतं, आणि कसं आलं होतं! त्याच्याच धाकाने, त्याच्याच वाडीने त्याच्याच हाकेवर तोंड दाबलं होतं. "घरी जा," ती मनस्वीला म्हणाली, "भात टाक." आणि तिने ऋत्विकला फोन लावला.

दुपारपर्यंत पथक आलं. गावातले बापयेही मुकाट मागे उभे राहिले, कारण आता करायचं काय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दमयंतीने वाटण्या केल्या. ऋत्विक आणि पोरं खालच्या व्हाळात, गाववाले मळ्यांच्या बाजूने. "आणि सडा?" ऋत्विकने विचारलं. "सड्याचं मी बघतंय," ती म्हणाली. सड्याकडून आलेल्या हाकांबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. पथकात एकट्याने कुठे जायचं नाही असा नियम, आणि दुसऱ्यांना या नियमावरून तीच झाडत असे. ती एकटी गेली.

खाणीच्या काठापासून थोडी अलीकडे ती थांबली. "भागोजी!" काही नाही. "भागोजी!" काही नाही, पण खाली बारीक खडा घरंगळला. तिसऱ्यांदा तिने हाक मारली. आणि खालून, अगदी खालून, "ओ" आली. ऐकत होता म्हातारा, मोजत होता. तिने काठावर जाऊन वाकून बघितलं. भागोजी एक पाय वाकडा होऊन भिंतीला टेकून बसला होता. धोतर मातीने भरलेलं. आणि जिथे हरिश्चंद्र सापडला होता नेमक्या त्या कोपऱ्यात हळदकुंकू लावलेला नारळ, विझलेल्या उदबत्त्या आणि लाल फडक्याचा तुकडा.

"दमयंती," त्याने वर बघितलं. "पानी."

"नारळ कुनाला रं?"

"नातवाचा ताप उतरंना. देवाला कौल लावला. देव बोलला, सड्यावर कुनाची तरी वाट अडलीय." त्याने डोळे मिटले. "मना म्हायती व्हतं कुनाची ती. नारळ ठेवला आनि वर चढताना पाय सटकला."

दमयंतीचं डोकं फिरलं. ती काठावर बसली. मेलेल्याला भितो हा! मेलेल्याला नारळ, मेलेल्याला उदबत्ती, आणि जिवंत असताना एक ओ नाही! तिने पिशवीतली पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्याच्या देखत स्वतः घोटभर प्याली.

"देते पानी. आदी हाक मार. माज्या मानसाला. नावानं."

"खुळी झालीस? मेलेल्याच्या नावानं हाक मारतात काय? येईल तो."

"येऊ दे की. बघू दे तुला." ती आणखी वाकली. "त्याला कुनीच नावानं हाक मारली नाय, भागोजी. मी बायको, मना घेता येना. तुमी वाळीत टाकला, तुमाला घ्यायचं नव्हतं. नावाशिवाय मेला मानूस. तू मार. तीनदा. वाडीत ऐकू गेली पायजे."

तो मान हलवत राहिला. दमयंती उठली, साडी झटकली. "मंग बस. पोरं तिकडं व्हाळात हुडकतायत. आज काय इकडं येत नायत. उद्या बगू." आणि ती खरंच वळली. चार पावलं गेली, आठ गेली. परतली असती का ती? ऋत्विकने नंतर विचारलं होतं. ती दोर गुंडाळायला लागली.

"हरिश्चंद्रा!"

फाटक्या आवाजात, पण आली. दमयंती थांबली. "नाय ऐकू आली."

"हरिश्चंद्रा!" या वेळी कातळावरून घुमत खाली वाडीकडे गेली. परड्यातल्या बाया उभ्या राहिल्या. मळ्यातले बापये एकमेकांकडे बघायला लागले. गावकाराचा आवाज कोण ओळखणार नाही? आणि नाव कोणाचं घेतोय हा?

तिसरी हाक मारताना भागोजी रडत होता. "हरिश्चंद्राऽऽ!"

मग सगळं गप्प झालं. दमयंती काठावर बसून राहिली. भागोजी वर बघत होता. वारा होता, गवत हलत होतं, एवढंच.

"आली ओ?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली.

"नाय ना येत? असं वाटतं ते," ती म्हणाली, आणि तिने बाटलीला दोर बांधून पाणी खाली सोडलं.

तोवर आवाजाच्या रोखाने सगळा गाव सड्यावर धावत आला होता. तिसऱ्या हाकेनंतर कोणाची घरी थांबायची छाती झाली नाही. ऋत्विक धापा टाकत पोचला. "काकी, एकट्या का आलात तुम्ही?" "चुकलं," ती म्हणाली. चुकल्यासारखा चेहरा काही केला नाही. पोरं दोर सोडायला लागली, तेव्हा तिने काठावरूनच विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "भागोजी, माजा मानूस हितं हाका मारीत व्हता, तुळसानं येऊन तुला सांगितलं व्हतं. व्हय काय नाय?"

ऋत्विक म्हणाला, "काकी, आधी वर घेऊ त्यांना."

"घे की. मी दोर धरलाय काय तुजा?"

पण पोरांचे हात थांबलेच. गर्दीत तुळसा होती. मनस्वी होती. भागोजीने एकदा सगळ्यांकडे बघितलं. "व्हय," तो म्हणाला. तुळसा मटकन खाली बसली आणि तिने हंबरडा फोडला. मनस्वी सासऱ्याकडे बघत राहिली, आणि मग तिने तोंड फिरवलं. वाळीत घराकडे बघताना फिरवतात तसं.

स्ट्रेचरचं मागचं टोक दमयंतीने धरलं, अगदी खाली रस्त्यापर्यंत. लोकांना वाटलं, माफ केलं बाईने. कसली माफी! पाखाडीच्या पायऱ्या उतरताना तो कण्हला तेव्हा ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "मरायचं नाय हां भागोजी. मेलास तर माजं काय ऱ्हाईल?"

भागोजी मेला नाही. पाय आखडला, काठी आली, आणि तो ओटीवरचा झाला. पोलिसांपुढे तुळसा या वेळी बोलली. खटल्याचं काय व्हायचं ते होईल. वाळीत कोणी उठवली नाही, ती आपोआप गळून पडली, आणि यंदा शिमग्याला पालखी दमयंतीच्या अंगणात आली. तिने ओटी भरली. देवाशी तिचं भांडण नव्हतंच कधी. पालखीमागे जे लोक आले होते त्यांना मात्र तिने पाणीसुद्धा विचारलं नाही.

पण रोज सकाळी गुरं सोडून सड्याकडे निघताना ती भागोजीच्या बेड्यापाशी थांबते. आणि हाक मारते. भागोजीला नाही. जे नाव तिने संसारात एकदाही घेतलं नाही ते नाव घेऊन. "हरिश्चंद्रा!" पहिल्या दिवशी भागोजी उठून आत जायला लागला. उठता येईना. दुसऱ्या हाकेला त्याने कान झाकले. तिसऱ्या हाकेला अख्खी वाडी दारात उभी होती, आणि दमयंती म्हणाली, "ओ दे. तुज्याकडं ऱ्हायलीय ती." आणि त्याने दिली.

मनस्वीने एकदा मधे पडून बघितलं. "काकी, पुरे करा आता. रात्र रात्र झोपत नाहीत ते."

"तुज्या हाकेला मी पयल्या झटक्याला ओ दिली व्हती बाय," दमयंती म्हणाली. "तू बाजूला हो."

हल्ली हाक मारायची गरजच पडत नाही. पाखाडीवर तिच्या बुटांचा आवाज आला की ओटीवरून आधीच ओ येते, कापरी, घाईची. दमयंती बेड्यापाशी थांबते, ती ऐकून घेते, आणि तरीही तिन्ही हाका मारते.